वाचकांचे प्रश्न : हलके रिव्हॉल्व्हर हातात फुटते तेव्हा

या महिन्याच्या टपालात नेमबाजीच्या हत्यारांविषयीची तीन पत्रे आली आणि तिन्हींमागची काळजी एकच असल्याने हे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून गेली अठरा वर्षे अमेरिकेत, टेक्सास राज्यात राहतो. दर शनिवारी आम्ही चार-पाच मित्र रेंजवर सरावाला जातो. मागील महिन्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या हातातले .३८ स्पेशलचे पाच काडतुसांचे हलके रिव्हॉल्व्हर गोळी झाडताक्षणी फुटले. काडतुसांच्या फिरत्या सिलिंडरवरून जाणारी चौकटीची पट्टी तुटून वर उडाली, सिलिंडरमधली काडतुसांची वरच्या बाजूची तीन घरे उघडी पडली आणि एक तुकडा माझ्या गालाला चाटून गेला. मित्राच्या अंगठ्याला सात टाके पडले. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून दृष्टी वाचली. नळी मात्र सरळ आहे आणि आतून मोकळी आहे. रिव्हॉल्व्हरची चौकट ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, तर सिलिंडर पोलादी होते. काडतुसे मित्राने स्वतः घरी भरलेली, कागदी निशाण्यासाठी मुद्दाम कमी दारूची होती. ‘ॲल्युमिनियमला दोन-अडीच हजार गोळ्यांचा मारा सोसला नाही,’ असे त्याचे म्हणणे आहे. दुसऱ्या मित्राच्या मते आधीची गोळी नळीत अडकली असावी. त्याच घडणीचे रिव्हॉल्व्हर माझ्याकडेही आहे. पत्नी म्हणते, ते आजच विकून टाका. दोष धातूचा की काडतुसाचा, आणि माझे रिव्हॉल्व्हर मी वापरावे की नाही?

उत्तर : आपण आणि आपले मित्र थोडक्यात बचावलात, याचे समाधान सर्वांत आधी व्यक्त करतो. आपण निरीक्षण नेमके केले आहे आणि त्यातील दोन गोष्टींवरूनच पुष्कळ काही सांगता येते. पहिली गोष्ट म्हणजे नळी सरळ आणि मोकळी आहे, आणि दुसरी म्हणजे सिलिंडरची वरची तीन घरे उघडी पडली आहेत.

आधीची गोळी नळीत अडकली आणि तिच्यावर दुसरी येऊन आदळली, तर दाब त्या अडथळ्यापाशी तुंबतो आणि नळीला बांगडीसारखा फुगवटा येतो किंवा ती तिथे चिरते. अशा अपघातात सिलिंडर बहुधा शाबूत राहते. आपल्या वर्णनात याच्या नेमके उलट घडलेले दिसते, म्हणून दुसऱ्या मित्राचा तर्क बाजूला ठेवावा लागतो.

आता ॲल्युमिनियमवरच्या आरोपाकडे वळू. .३८ स्पेशल काडतुसासाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण बत्तीस-तेहतीस पौंड हवा भरतो, म्हणजे हा दाब तिच्या पाचशेपटीहून अधिक झाला. तो पेलण्याचे काम कोणता भाग करतो, हे येथे नीट समजून घ्यायला हवे. तो भाग म्हणजे सिलिंडरचे घर, आणि ते आपल्या मित्राच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पोलादाचेच होते; जड रिव्हॉल्व्हरमध्ये असते तसलेच. चौकट हा दाब थेट झेलत नाही. काडतुसाचे बूड मागे रेटले जाते तो जोर, जो क्षणभर पाऊण टनापर्यंत जाऊ शकतो, चौकटीवर येतो आणि सिलिंडर व नळी एका रेषेत धरून ठेवणे हेही तिचेच काम असते. चौकट थकली असती तर ती आधी तडकली असती, सैल झाली असती, नेम बिघडला असता. पण तिच्या थकव्यामुळे पोलादी सिलिंडर उकलले नसते. घराची भिंत फाटली, त्या स्फोटाने शेजारची दोन घरे बाहेरच्या अंगाने उघडली आणि वरची पट्टी उचलली गेली, हा क्रम दाब प्रमाणाबाहेर गेल्याची खूण आहे. असे सिलिंडर पोलादी चौकटीत बसवले असते तरी फुटलेच असते.

मग दाब इतका वाढला कशाने? माझा संशय मित्राने ‘मुद्दाम कमी’ भरलेल्या दारूवरच आहे. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण .३८ स्पेशल हे १८९८ च्या सुमाराचे काडतूस आहे आणि त्याची पुंगळी, म्हणजे दारूचे धातूचे कवच, काळ्या दारूच्या मोठ्या मापासाठी घडवलेली आहे. आजच्या जलद जळणाऱ्या धूरविरहित दारूचे निशाण्यासाठीचे माप तीन ग्रेनच्याही आत, म्हणजे सुमारे पावणेदोनशे मिलिग्रॅम असते. ती चिमूटभर दारू त्या खोल पुंगळीच्या तळाशी पडून राहते. काडतुसे भरण्याच्या यंत्राचा दांडा अर्ध्यावर थांबला, कोणी हाक मारली, फोन वाजला आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा माप पडले, तरी ती भरून वाहत नाही. वर गोळी बसवली की बाहेरून काहीच कळत नाही. शिवाय दारू दुप्पट झाली की दाब दुप्पट होऊन थांबत नाही, कारण दाब वाढेल तशी दारू अधिक वेगाने जळते आणि त्या वेगाने दाब आणखी वाढतो. जड माप भरणारा माणूस या चुकीपासून पुष्कळदा वाचतो, कारण त्याची दारू पुंगळीबाहेर सांडते. हलके माप भरणाऱ्याला हे संरक्षण नसते.

तरीही मी येथे अंदाज करतो आहे. निर्णय त्या तुटलेल्या तुकड्यांकडूनच घ्यावा आणि त्यासाठी ते जसे आहेत तसेच जपून ठेवायला मित्राला सांगावे. ते पुसू नयेत, तेल लावू नये आणि ‘कसे जुळतात ते पाहू’ म्हणून एकमेकांवर घासू तर मुळीच नयेत, कारण तुटलेल्या पृष्ठभागावरच्या बारीक खुणा त्या एका घर्षणाने पुसली जातात. एकाच तडाख्यात फाटलेला धातू भुरकट, खरबरीत, ओढल्यासारखा दिसतो. थकव्याने तुटलेला धातू निराळा दिसतो. त्यावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या कमानी असतात, ओहोटीच्या वेळी वाळूवर पाण्याच्या रेघा मागे राहाव्यात तशा. चीर जुनी असेल तर तिच्या कडांमध्ये काजळी आणि तेल मुरलेले सापडते, कारण ते फुटण्याच्या कितीतरी आधीपासून आत शिरत असतात. चांगल्या भिंगाखाली एवढे दिसते. पुढचे काम धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेचे.

त्याच डब्यातली उरलेली काडतुसे हा दुसरा पुरावा आहे. ती एकही झाडू नये. अनेक जण अशा वेळी काडतुसे तराजूवर तोलतात, परंतु त्यावर विसंबता येत नाही. पूर्ण काडतूस सुमारे साडेचौदा ग्रॅमचे, आणि पुंगळी व गोळी यांच्या वजनातला नेहमीचा फरकच दारूच्या एका मापाइतका असू शकतो. म्हणून गोळी काढण्यासाठीच बनवलेल्या खास हातोडीने प्रत्येक काडतूस उघडून आतली दारू वेगळी तोलणे, हाच मार्ग आहे.

आपल्या मित्राच्या म्हणण्यात मात्र एक सत्य दडलेले आहे आणि ते मी नाकारणार नाही. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते जवळपास अनंत वेळा तो सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक हिसका, कितीही लहान असो, त्याच्या आयुष्यातून थोडे वजा करतो. हे हत्यारे बनवणाऱ्यांना फार पूर्वी कळले आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी हवाई दलाने विमान कर्मचाऱ्यांसाठी कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्यांकडून अतिशय हलकी रिव्हॉल्व्हरे करून घेतली, ज्यांत चौकट तर ॲल्युमिनियमची होतीच, पण सिलिंडरही ॲल्युमिनियमचे होते. ‘एम १३’ या नावाच्या त्या रिव्हॉल्व्हरांसाठी कमी दाबाचे ‘एम ४१’ हे खास काडतूस काढावे लागले. तरी ती विश्वासास उतरली नाहीत आणि दशक संपता संपता ती मागे घेऊन बहुतेक नष्ट करण्यात आली. त्यानंतर चौकट हलकी आणि सिलिंडर पोलादी हीच रीत रूढ झाली. टायटॅनियमची सिलिंडरे आणि स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटी विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आणि त्यानंतर आल्या. त्या मिश्रधातूत स्कँडियम एक टक्काही नसते. बाकी सारे मुख्यतः ॲल्युमिनियमच, हे ‘स्कँडियमचे रिव्हॉल्व्हर’ म्हणून अभिमानाने मिरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

हलकेपणाची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. तेच काडतूस एक किलोच्या आणि ३४० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडले, तर हलक्याचा मागे येण्याचा वेग तिप्पट आणि त्या धक्क्याची ऊर्जाही सुमारे तिप्पट असते. या हिसक्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या मागे खेचल्या जातात आणि त्यांतल्या गोळ्या जडत्वामुळे आहेत तिथेच राहतात, म्हणजे पुंगळीतून पुढे सरकतात. सरकता सरकता गोळी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की ते अडते आणि फिरत नाही. यात स्फोट होत नाही, पण स्वसंरक्षणाच्या प्रसंगी अडलेले रिव्हॉल्व्हर लोखंडाच्या तुकड्याहून अधिक उपयोगाचे नसते. पाचांपैकी चार गोळ्या झाडून पाचवे काडतूस बाहेर काढावे आणि त्याची लांबी आधीच्या मापाशी ताडून पाहावी. त्या काडतुसाची परीक्षा तिथल्या तिथे होते. उत्पादकांच्या सूचनाही याच अनुभवातून आलेल्या आहेत. टायटॅनियम सिलिंडरच्या काही .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरांच्या नळीवरच १२० ग्रेनहून हलकी गोळी वापरू नये असे कोरलेले असते. हलक्या गोळीमागची जळती दारू सिलिंडरचे तोंड झिजवते, हे त्यामागचे कारण. टायटॅनियमचे सिलिंडर घासणीने वा खरखरीत पॉलिशने चकचकीत करण्याचा मोह यासाठीच आवरावा. वरचा संरक्षक थर एकदा गेला की झीज थांबत नाही.

आता आपले रिव्हॉल्व्हर. विकण्याची घाई करू नका. प्रथम ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करून सिलिंडर बाहेर काढा आणि नळी चौकटीत जिथे आट्यांनी बसवली आहे, त्याच्या खालच्या अंगाची पातळ जागा भिंगाने तपासा; ॲल्युमिनियमच्या लहान चौकटींना तडा बहुधा तिथेच जातो. शंका आली तर कारखान्यांत वापरतात ती डाय-पेनेट्रंट चाचणी, म्हणजे लाल रंग झिरपवून बारीक तडे दाखवणारी चाचणी, करून घ्यावी. मग सिलिंडर आणि नळी यांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. ती इंचाच्या चार ते दहा हजारांशांच्या, म्हणजे साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटरच्या आत असावी. सिलिंडर पुढे-मागे हलवून पाहा. पूर्वीपेक्षा अधिक हलत असेल तर चौकट ताणली जात आहे. शेवटी घोडा अगदी सावकाश मागे ओढत प्रत्येक घर पूर्णपणे कुलूपबंद होते का, ते पाहा. एकही घर मागे राहत असेल तर गोळी नळीच्या कडेला घासून आत शिरते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. यातले काही आढळले, तर रिव्हॉल्व्हर जाणत्या गनस्मिथकडे द्या. काही आढळले नाही, तर ते कारखान्यात भरलेल्या, उत्पादकाने मान्य केलेल्या काडतुसांसह वापरायला माझी हरकत नाही.

शनिवारच्या सरावासाठी मात्र जड, पोलादी रिव्हॉल्व्हर घ्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे. हलके रिव्हॉल्व्हर दिवसभर बाळगता यावे म्हणून केलेले असते. त्याची ओळख राहावी म्हणून दर काही आठवड्यांनी दहा-वीस गोळ्या पुरेत. आणि मित्र कितीही जवळचा असला तरी त्याने घरी भरलेली काडतुसे आपल्या हत्यारात घालू नयेत.

प्रश्न : माझ्याकडे परवान्यावरचे टायटॅनियम मिश्रधातूचे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर आहे. काडतुसे संपत आल्यामुळे ओळखीच्या एकाने त्याच्या .३२ च्या पिस्तुलाची काडतुसे देऊ केली. ती सिलिंडरमध्ये व्यवस्थित बसतात. वडिलांच्या वेळची पंधरा वर्षांपूर्वीची काही काडतुसेही कपाटात आहेत. सरावासाठी ही वापरली तर चालतील का? (यवतमाळ)

उत्तर : पिस्तुलाची काडतुसे कृपया वापरू नका. ‘बसतात’ याचा अर्थ ‘चालतात’ असा होत नाही, आणि हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला आहे, कारण दोन्हींना आपण सरसकट ‘बत्तीस बोअर’ म्हणतो. रिव्हॉल्व्हरचे .३२ लाँग हे १८९६ चे काडतूस आहे. त्याची पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर लांब आणि दाबाची मर्यादा १५,००० पौंड. स्वयंचलित पिस्तुलाचे .३२ हे अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे, १८९९ चे. त्याची पुंगळी १७ मिलिमीटरच्या आसपास, बुडाची कड अरुंद आणि दाबाची मर्यादा २०,५०० पौंड. म्हणजे आपले रिव्हॉल्व्हर ज्या दाबासाठी बनवले आहे त्याहून तो एक तृतीयांशाने जास्त आहे. पहिल्याच गोळीला काही होईल असे नाही, आणि खरा धोका तोच आहे, कारण त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. कायद्याच्या दृष्टीनेही आपल्या परवान्यावर न चढलेली काडतुसे दुसऱ्याकडून घेणे हा गुन्हा आहे. घरी काडतुसे भरणे आपल्याकडे परवान्याशिवाय करताच येत नाही, त्यामुळे पहिल्या पत्रातला धोका आपल्याला नाही.

कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे आणि .३२ चेच आहे. .३२ लाँगसारख्या सौम्य काडतुसाशी हलक्या रिव्हॉल्व्हरची जोडी योग्यच आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली ‘केएफ’ खुणेची .३२ लाँग काडतुसे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तीच परवान्यावर रीतसर नोंदवून घ्यावीत.

वडिलांच्या वेळची काडतुसे कोरड्या जागी असतील तर पंधरा वर्षांत ती बिघडतातच असे नाही. पण अनेक घरांत रिव्हॉल्व्हर भरलेल्या अवस्थेत तेल पाजून ठेवलेले असते. ते तेल पुंगळी आणि प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) यांच्यातल्या फटीतून आत झिरपते आणि प्रायमर निकामी किंवा अर्धा निकामी होतो. अर्धा निकामी प्रायमर सर्वांत घातक, कारण तो गोळीला नळीत ढकलतो खरा, पण बाहेर काढत नाही. ज्या काडतुसांना हिरवट कळंक चढला आहे, बुडाशी तेलाचे डाग आहेत किंवा गोळी बोटाने हलते, ती झाडू नका, कचऱ्यातही टाकू नका. ती रीतसर जमा कशी करायची ते पोलीस ठाण्यात विचारा.

प्रश्न : माझी मुलगी २५ मीटर पिस्तुलाचा सराव करते. रेंजवर शेजारच्याचे हत्यार फुटले तर तिला इजा होऊ शकते का? (कोल्हापूर)

उत्तर : होऊ शकते; वर आलेले पत्र शेजाऱ्याचेच आहे. सिलिंडर फुटले की तुकडे वर आणि बाजूला उडतात, नेमबाजाच्या मागे फारसे जात नाहीत. म्हणून मुलीला पॉलिकार्बोनेटचा, कडेनेही डोळा झाकणारा चष्मा घेऊन द्या आणि दोन नेमबाजांच्या मध्ये पडदा किंवा फळी असलेली जागाच मागा. तिच्या हातातले .२२ चे स्पर्धेचे पिस्तूल वजनाला भरभक्कम असते आणि त्याविषयी आपण निश्चिंत राहावे. एक गोष्ट मात्र तिच्या अंगवळणी पडू द्या. चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला तर नळी निशाण्याकडेच धरून तीस सेकंद थांबायचे. आवाज नेहमीपेक्षा मंद, फुसका आला तर पुढची गोळी झाडायची नाही. हत्यार रिकामे करून नळी आरपार मोकळी असल्याचे प्रशिक्षकाला दाखवल्यावरच सराव पुन्हा सुरू करायचा.

टेक्सासच्या वाचकांना वरील उत्तर आम्ही आधीच पत्राने कळवले होते. अंक छपाईला जात असताना त्यांचे दुसरे पत्र आले, ते येथे देत आहोत.

‘आपण सांगितल्याप्रमाणे मित्राने त्या डब्यातली उरलेली बेचाळीस काडतुसे माझ्यासमोर एकेक करून उघडली. चाळिसांत दारूचे माप बरोबर होते. एकात दुप्पट निघाले. ते पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही. आणखी एकात दारूच नव्हती, नुसता प्रायमर आणि वर गोळी. हे कसे झाले असेल?’

उत्तर : पुंगळ्या मापाखाली नेणारी यंत्राची तबकडी पुढे सरकली नाही म्हणजे एका पुंगळीत माप दोनदा पडते. मग काहीतरी चुकल्याचे लक्षात येऊन माणूस ती घाईने हाताने पुढे फिरवतो आणि एक पुंगळी मापाखाली न येताच पुढे निघून जाते. दुपटीचे आणि रिकामे अशी दोन्ही काडतुसे एकाच डब्यात निघाली, यावरून ही तबकडी त्या दिवशी एकदा नव्हे, किमान दोनदा अडली असावी, कारण दुपटीचे एक काडतूस रेंजवर आधीच झाडले गेले होते. त्या यंत्रावर त्या काळात भरलेले प्रत्येक काडतूस, मग ते कोणत्याही डब्यात असो आणि कोणाला दिलेले असो, परत मागवून उघडावे. दारू नसलेले ते काडतूस झाडले गेले असते, तर गोळी नळीत अडकली असती, आणि पुढचे काडतूस बरोबर मापाचे असूनही अपघात झालाच असता.